धुऱ्यावरची बैठक

काही घडलं नाही की आमच्या काकाजींना मनापासून आनंद व्हायचा. बाकीची माणसं फोनवर 'काय विशेष?' विचारतात आणि पलीकडून 'काही नाही' ऐकून हिरमुसतात. काकाजी फुलायचे. महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला ते नात्यातल्या सगळ्यांना ओळीने फोन लावायचे. "काही?" एवढंच विचारायचे. "नाही, काकाजी." "निरंक," असं म्हणून मुलगा पहिल्या नंबरानं पास झाल्यासारख्या चेहऱ्यानं फोन ठेवायचे. माझ्या नणंदेला असा फोन पहिल्यांदा गेला, तेव्हा ती दिवसभर विचार करत बसली होती, की काही असायला हवं होतं का आपल्याकडे?

यात त्यांचा दोष नव्हता, नोकरीचा होता. कुहीजवळच्या आमच्या गावातून शेतकी शिकून ते बाहेर पडले ते थेट राजस्थानच्या वाळवंटात पोचले, टोळांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यात. जीप घेऊन वाळूत हिंडायचं, पाऊस पडून कुठे हिरवं झालंय ते बघायचं, तिथे टोळाची पिल्लं दिसली तर त्यांना पंख फुटायच्या आत औषध मारायचं, आणि नाही दिसली तर पंधरवड्याच्या अहवालात 'निरंक' लिहून पाठवायचं. तीस-बत्तीस वर्षांतले बहुतेक अहवाल निरंकच गेले. लग्न जमवताना मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो? टोळ शोधतो. सापडतात का? नाही. दोन स्थळं या उत्तरावर मोडली आणि तिसरं काकाजींनी स्वतःच होऊन पाहिलं नाही. माझी आई म्हणायची, आमच्या भाऊजींना सरकारनं न येणाऱ्या पाहुण्यांची वाट बघायला बसवलं आहे. ते पाहुणे काकाजींमुळेच येत नव्हते, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच, आणि मी शाळेत भूगोल शिकवते.

निवृत्तीनंतर ते नागपूरला आले आणि धरमपेठेत आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहू लागले. पहिल्याच आठवड्यात जिना उतरता उतरता त्यांनी मला विचारलं, आज वारा कुठून आहे? पंचवीस वर्षं मी फळ्यावर वाऱ्याचे बाण काढत होते. मी पुस्तक कुठे ठेवलं ते शोधायला लागले. त्या दिवसापासून काकाजींनी मला शिकाऊ उमेदवार म्हणून धरलं. झुरळ दिसलं की पलंगावर चढून नवऱ्याला हाक मारणारी बाई टोळखात्यात कशी चालायची, हा प्रश्न मी विचारला होता. ते म्हणाले, भिणारा माणूस लवकर पाहते, खात्याले तसाच पाहिजे.

वारा बघायची त्यांची सवय स्कूटीवरसुद्धा सुटली नाही. मी चालवायची, ते मागे बसून उजवा हात वर धरायचे. मागून येणाऱ्यांना वाटायचं आम्ही वळतोय. एकदा धरमपेठेच्या चौकात एक रिक्षावाला, दोन मोटरसायकली आणि एक दूधवाला आमच्यावर विश्वास ठेवून एकाच वेळी थांबले आणि आम्ही सरळ निघून गेलो. मी म्हटलं, काकाजी, स्कूटी चालताना जो वारा लागतो तो आपणच तयार करतो. त्यांनी हात खाली घेतला, सिग्नलला थांबलो तसा पुन्हा वर केला.

टोळांविषयी ते बोलायला लागले की मला वाटायचं, हे आपल्या नातेवाइकांबद्दलच चाललंय. एकटा टोळ गरीब असतो म्हणे. मातकट रंगाचा, लाजाळू, दुसरा दिसला तर बाजूला सरकणारा. पण हिरवळ आटत आली, सगळे एकाच झुडपावर गोळा झाले आणि एकमेकांचे पाय घासू लागले, की त्यांची चाल बदलते, रंग बदलतो, आणि मग झुंड निघते. "पायाले पाय लागला का संपलं," काकाजी म्हणायचे. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला माझ्या तीन आत्या मानपानाच्या साड्या हातात घेऊन एका सोफ्याकडे निघाल्या होत्या. काकाजींनी ते हॉलच्या दुसऱ्या टोकावरून हेरलं. एकीला त्यांनी कढीतलं मीठ बघायला आचाऱ्याकडे धाडलं, दुसरीला गुरुजींजवळ घड्याळ घेऊन बसवलं, आणि तिसरीच्या मोतीबिंदूची हकीकत स्वतः तासभर ऐकली. साखरपुडा निर्विघ्न पार पडला. नंतर तिघींनीही मला वेगवेगळं सांगितलं की बोलायचं बरंच होतं, पण वेळच मिळाला नाही.

वाढायच्या आत गाठायचं, हाच नियम त्यांनी माझ्या नवऱ्याच्या छातीला लावला. यांना एका संध्याकाळी नुसती जळजळ झाली होती. सकाळी काकाजी यांना धंतोलीतल्या दवाखान्यात घेऊन गेले आणि ज्या ज्या तपासण्या असतात त्या सगळ्या करायला लावल्या. डॉक्टर म्हणाले, काहीही नाही, तिखट कमी खा. यांचा चेहरा पडला. एवढा दिवस घालवून माणसाला काही तरी निघावं असं वाटतं. काकाजींनी मात्र येताना पेढे आणले आणि शेजारीपाजारी वाटले. काय झालं, असं लोक विचारायचे, आणि काकाजी अभिमानानं सांगायचे की जावयाला काहीच झालेलं नाही.

त्यांच्या नोकरीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सीमेवरची बैठक. टोळांच्या दिवसांत महिन्यातून एकदा, सीमेजवळच्या एका लहानशा स्टेशनावर, इकडचे चार आणि पलीकडचे चार अधिकारी एका टेबलाशी बसत. दोन्ही देशांचं आपसात धड बोलणं नसलं तरी ही बैठक शक्यतो चुकत नसे. तुमच्याकडे पाऊस कुठे झाला, पिल्लं कुठे दिसली, औषध कुठे मारलं, एवढंच बोलायचं. दुसरा विषय काढायचा नाही. पलीकडच्या एका साहेबांशी काकाजी बारा-चौदा वर्षं असे बोलले. त्यांना मुलं किती, घर कुठे, काही ठाऊक नाही. गुडघा दुखतो एवढंच माहीत होतं, कारण ते पाय लांब करून बसायचे. "त्या माणसानं मले कधी चुकीचा कागद दिला नाही," काकाजी सांगायचे. "आन् मी त्याले."

आता आमच्या घरची सीमा सांगते. गावात माझ्या बाबांचं वावर आणि रामाजीचं वावर यांच्यामध्ये एक धुरा आहे. तुम्ही त्याला बांध म्हणा. बाबा म्हणायचे, रामाजी दरवर्षी नांगरताना तो बोटभर कोरतो. रामाजी म्हणायचा, बाबा कोरतात. दोघांचंही खरं असतं तर धुरा केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता, पण तो होता तिथेच होता आणि त्याच्यावरून तालुक्याच्या कोर्टात खटला चालू होता. लहानपणी एका ताटात जेवलेले हे दोघं अकरा वर्षं एकमेकांकडे पाहत नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण आभाळाकडे बघायचा आणि दुसरा चपलेकडे. आभाळ कोणी घ्यायचं हेसुद्धा ठरलेलं असावं.

काकाजींनी माझ्याबरोबर गावात आल्यावर हे पाहिलं आणि जाहीर केलं, की एक आणि सोळा तारखेला धुऱ्यावर बैठक होईल. बाबा त्यांचे थोरले भाऊ. त्यांनी साफ नाही म्हटलं. रामाजीनंही म्हटलं. मग काकाजी दोघांकडे वेगवेगळे जाऊन शांतपणे विचारून आले, त्याचं भेव वाटते काय? एक तारखेला दोघंही वेळेच्या अर्धा तास आधी हजर होते.

खाट अशी टाकली होती की दोन पाय आमच्या वावरात आणि दोन रामाजीच्या. काकाजी बरोबर मधात, धुऱ्यावर. मी थर्मास धरून उभी. विषय फक्त किडे, असं काकाजींनी सांगितलं. बाबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "त्याले सांग, माह्या वावरात काही नाही."

"त्याले म्हणजे कोणाले? नाव घ्या भाऊ."

चहा ओतला, तो निवला. शेवटी बाबा आमच्या बैलाकडे बघत "रामाजी" म्हणाले. बैलानं मान वर केली, पण काकाजींनी ते मान्य केलं आणि वहीत लिहून घेतलं.

दोन-चार बैठकांत दोघांनी पळवाट काढलीच. किड्यांवरूनच भांडायला लागले. बाबा म्हणाले, माझ्या भेंडीवर मावा आला तो याच्या वांग्यावरून आला. रामाजी म्हणाला, मावा इकडून तिकडे जात नाही, तिकडून इकडे येतो, त्याच्या बापाच्या वेळेपासून. काकाजींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'मावा आहे. उगम वादग्रस्त.' पुढे अशी दोन वह्या भरून वर्षं गेली. मैत्री वगैरे काही झाली नाही. खटल्याच्या तारखांना दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी कोर्टात जात राहिले. गावातली माणसं काकाजींना विचारायची, टोळ आपल्या इकडे कुठं येऊन राहिले गा साहेब, वाळवंटातला किडा तो. काकाजी म्हणायचे, आल्यावर मंग बैठक घेता येत नाही.

मग टाळेबंदीचा तो उन्हाळा आला. टोळ राजस्थानातून निघाले, मध्य प्रदेशावरून खाली सरकू लागले, आणि आमच्या घरात फोन वाजायला लागला. साऱ्या नातेवाइकांना आनंद झाला होता. "आले गा तुमचे टोळ!" कोणी कोणी तर अभिनंदन केलं, जसं काही काकाजींच्या सासरची मंडळी येत होती. काकाजी त्या दिवशी जेवले नाहीत. मी ताट घेऊन वर गेले तर खिडकीशी बसलेले. मी म्हटलं, इतकी वर्षं वाट पाहिली, आता आले तर तोंड उतरलं? ते म्हणाले, "वाट नाही पाहिली, पोरी. वाट अडवली. कुठंतरी कोणाले वेळेवर पोचता नाही आलं, त्याचं हे आहे."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर वारा बघून त्यांनी गावाला दोन फोन केले, एक बाबांना आणि एक रामाजीला, आणि मला म्हणाले, स्कूटी काढ. बाहेर पडायला परवानगी लागायची. मी अर्जात कारण लिहिलं, 'टोळ'. नाक्यावरच्या हवालदारानं तो कागद दोनदा वाचला, मग मागे बसलेल्या, हात वर केलेल्या काकाजींकडे पाहिलं. म्हणाला, दवाखाना ऐकला, मयत ऐकली, एकानं म्हैस व्याली सांगितलं, हे नवीन आहे. काकाजींनी त्याला पिल्लाच्या पंखांपासून समजावून सांगायला सुरुवात केली. मागे रांग लागली तसं त्यानं आम्हाला हात जोडून सोडलं.

गावात तयारी जोरात होती. थाळ्या वाजवायचा सराव त्या वर्षी सगळ्यांनाच होता. दुपार उतरताना उत्तरेकडून एक गुलाबी मळभ सरकत आलं, आणि जवळ आल्यावर त्याला पंख फुटले. थाळ्या, डबे, ट्रॅक्टरचे भोंगे, एकाच्या बैलगाडीवर बांधलेला लग्नातला ताशा, सगळं एकदम सुरू झालं. मी ओढणीत तोंड खुपसून डोळे मिटून परात बडवत होते, ती उलटी धरली आहे हे मला नंतर कळलं. काकाजींनी एक टोळ हवेतून टोपीत पकडून पाहिला. गुलाबी, म्हणजे पोरसवदा. अंडी घालणार नाहीत, पण भूक त्याच वयाची. थवा आमच्या भेंडीवरून घरंगळत पुढे गेला आणि दिवस मावळताना रामाजीच्या बाभळींवर आणि वांग्यांवर बसला. इतका बसला की बाभळी खाली वाकल्या.

बाबांनी परात खाली ठेवली आणि आभाळाला हात जोडले. म्हणाले, देव आहे.

पलीकडे रामाजीचं सगळं घर थाळ्या घेऊन बाभळींकडे निघालं होतं. अंधार पडायच्या आत ते थवा उठवणार होते, आणि उठलेला थवा तिन्हीसांजेला लांब न जाता शेजारी कुठे बसणार हे सांगायला भूगोल लागत नव्हता. बाबांची भेंडी तोडणीला आली होती आणि त्या हंगामात त्यांच्या हाती दुसरं काही उरलं नव्हतं. काकाजी धुऱ्यावर गेले आणि दोघांना बोलावलं. तातडीची बैठक.

"आज तारीख नाही," दोघंही एकदम म्हणाले. माझ्या आठवणीत दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच.

काकाजींनी तीन वाक्यांत सांगितलं. अंधारात टोळ हलत नाही, जिथे बसला तिथेच बसतो. सकाळी ऊन अंगाला लागलं की उठतो. त्याच्या आत, तो बसलेला असताना, फवारला तरच मरतो. म्हणजे रामाजीनं थाळी न वाजवता टोळांना रात्रभर आपल्या वांग्यात बसू द्यायचं, आणि फटफटताना बाबांनी फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन रामाजीच्या वावरात जायचं. कृषी खात्याची गाडी त्या रात्री पलीकडच्या दोन गावांत गुंतली होती. जवळपास तसा ट्रॅक्टर बाबांचाच, आणि पंच्याहत्तरीतही ते तो दुसऱ्या कोणाला चालवू देत नसत.

"मी थाळी खाली ठेवली, आन् सकाळी याचा टॅक्टर आला नाही त?" रामाजी म्हणाला. "माह्ये वांगे गेलेच, वरून मी येडा."

"आन् मी माह्यं औषध भरून ठेवलं, आन् यानं पहाटे थाळी वाजवली त?" बाबा म्हणाले.

काकाजींनी चष्मा काढून पुसला. "त्या पलीकडच्या साहेबाच्या मागं बंदुका होत्या. माह्याही मागं होत्या. आमचं जमलं," ते म्हणाले. "तुमच्यापाशी थाळी आहे."

दोघांनी बाभळींकडे पाहिलं. तिकडून पावसाच्या सरीसारखा चावण्याचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, ठीक आहे, पण त्याच्या घरच्या सगळ्या थाळ्या आज माझ्या घरी राहतील. रामाजी म्हणाला, मग ट्रॅक्टरची किल्ली माझ्या घरी. आजवरच्या कोणत्याही तहात असं कलम नसेल, पण काकाजींनी ते वहीत लिहिलं. नऊ थाळ्या, दोन पराती आणि एक पत्र्याचा डबा मी स्वतः मोजून आणला. रामाजीच्या घरी सगळे पळसाच्या पानांवर जेवले.

पहाटे पूर्वेला नुसतं पांढुरकं झालं होतं, तेव्हा बाबा किल्ली आणायला निघाले. साक्षीला म्हणून मी. भांडण लागल्यापासून त्यांनी ते फाटक ओलांडलं नव्हतं. फाटकाशी ते थांबले, खाकरले आणि आत गेले. रामाजी अंगणात उभाच होता, आणि त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं की काही तरी बिनसलं आहे. किल्ली सापडत नव्हती. अमानत म्हणून त्यानं ती फार जपून ठेवली होती, इतकी जपून की कुठे ते त्यालाच आठवत नव्हतं. घरातली माणसं मडकी उपडी करत होती. तांदळाची कोठी रिकामी झाली, देव हलवले, गाईच्या गव्हाणीत हात घालून झाले. बाबा बाजेवर बसून होते. पूर्वेचा रंग बदलत होता. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. बाबा आता उठणार, 'मले माहीतच होतं' म्हणणार आणि फाटकाबाहेर पडणार, पुन्हा कधी न येण्यासाठी. रामाजी बाजेखाली बघायला वाकला.

बाबा उठले नाहीत. त्याच्या कमरेकडे बघत राहिले. "रामा," ते म्हणाले, "करदोड्याले काय बांधलं गा?"

बैठकीत ते नियमाप्रमाणे 'रामाजी' म्हणायचे. 'रामा' मी लहान असताना ऐकलं होतं. रामाजीनं कमरेला हात लावला. किल्ली तिथेच होती, रात्री झोपेतसुद्धा कोणी नेऊ नये म्हणून दोन गाठी मारून बांधलेली. आणि बाबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. रामाजीला आधी राग आला, मग तोही बाजेची कड धरून हसायला लागला. गाठी सुटेनात. शेवटी बाबांनीच त्या दातांनी सोडवल्या, आणि तालुक्याच्या कोर्टातल्या कोणत्याही वकिलानं आपल्या पक्षकारांना तसं कधी पाहिलं नसेल.

आम्ही पोचलो तेव्हा काकाजी बाभळींपुढे घड्याळ धरून उभे होते. काहीही न विचारता त्यांनी हातानं चला म्हटलं. बाबा ट्रॅक्टरवर, रामाजी पुढे रस्ता दाखवत. आपल्या वावरातली कुठली सरी तुडवायची आणि कुठली नाही, हे तो ओरडून सांगत होता आणि बाबा चक्क ऐकत होते. सगळ्यांना चूप राहायची सक्त ताकीद होती. ती मी मोडली. एक टोळ माझ्या ओढणीत शिरला आणि मानेपर्यंत चढला. त्या सकाळी वावरात झालेला एकमेव मोठा आवाज माझा होता. एका बाभळीवरचे टोळ उठले आणि पूर्वेकडे निघून गेले. काकाजींच्या त्या दिवशीच्या टिपणात ती नोंद आहे: 'उडालेले: थोडे. कारण: पुतणी.'

बाकीचे बसल्या जागी पडले. ऊन वर आलं तेव्हा जमिनीवर गुलाबी सडा होता आणि बाभळींना नुसते काटे उरले होते. रामाजीची अर्धी वांगी गेली. बाबांची भेंडी राहिली. दुपारी कृषी खात्याची माणसं रात्रभर फवारून दमूनभागून आली, त्यांनी पाहणी केली, आणि काकाजींना विचारलं की तुम्ही कोण. काकाजी म्हणाले, मी यांचा लहान भाऊ. बाबा त्या आठवड्यात भेंडीच्या दोन पाट्या धुऱ्यावर ठेवून आले. रामाजीनं त्या उचलल्या की नाही हे मी विचारलं नाही. पाट्या धुऊन परत आल्या होत्या.

या गोष्टीनंतर दोघांचं मनोमिलन झालं असं मला लिहायला आवडलं असतं. खटला चालूच राहिला. रामाजीच्या वकिलानं नंतरच्या तारखेला, प्रतिवादीनं वादीच्या शेतात ट्रॅक्टर घातला, असा मुद्दा मांडायचा प्रयत्न केला, तेव्हा रामाजीनंच त्याला गप्प बसवलं, इतकंच.

दोन वर्षांनी काकाजी गेले. तीन दिवस धंतोलीच्या दवाखान्यात होते, फार त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून वह्या कुठे आहेत ते सांगितलं. मी विचारलं, बैठकीत मी काय करायचं? मला तर किड्यांतलं काही कळत नाही. "मधात बसायचं," ते म्हणाले. "जास्त बोलायचं नाही, बाई. तुले जमणार नाही, पण पाहा."

त्यांची तेरवी झाली आणि पुढच्या सोळा तारखेला मी एकटी गावाला गेले. स्कूटीवर मागचं सीट रिकामं होतं, तरी चौकात मी सवयीनं सावकाश घेतली. थर्मास भरून घेतला होता, वही घेतली होती, दोन पेनं घेतली होती. रात्रभर मनात जुळवणी केली होती की सुरुवात कशी करायची, काकाजींबद्दल दोन शब्द कसे बोलायचे, आणि दोघं अडून बसले तर काय म्हणायचं. मुख्य भीती ही होती की खाटेवर कोणी नसेलच.

खाटेवर कोणी नव्हतं. मी वही मांडीवर घेऊन मधात बसले, धुऱ्यावर. मग पाहिलं तर दूर आमच्या वावराच्या टोकाला दोन पांढऱ्या टोप्या. धुऱ्याच्या इकडून बाबा, तिकडून रामाजी, दोघं खाली मान घालून, एकेका पानाखाली काठी घालून बघत, एका चालीनं माझ्याकडे येत होते. मध्येच एक थांबला की दुसरा थांबायचा. पोचायला त्यांना चांगला पाऊण तास लागला. उन्हानं दोघांचे चेहरे लाल झाले होते.

"तू काहून आली वं, एवढ्या उन्हात?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बैठक आहे ना. सोळा तारीख.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते त झाली," रामाजी म्हणाला. "सकाळपासून फिरून राहिलो. चहा आणला काय?"

मी चहा दिला. मधात बसल्यामुळे दोघांना एकमेकांकडे कप सरकवायला अडचण होत होती, म्हणून मी उठून उभी राहिले. अर्धा कप होत नाही तोच बाबा काठीनं धुरा दाखवून म्हणाले, इथं बघ, इथं कोरला की नाही तू? रामाजीनं कप खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि त्याच्या बापाच्या वेळेपासून सुरुवात केली. आवाज चढले. बांधावरचे बगळे उडाले. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग थर्मास आणि कोरी वही उचलली आणि स्कूटीकडे निघाले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.